ईश्वरावाचून शपथ

तंजावराहून कुंभकोणमकडे जाणारा रस्ता कावेरीच्या फाट्यांवरील पूल ओलांडीत, दोन्ही अंगांनी पसरलेल्या भातखाचरांतून पुढे सरकतो, आणि कुंभकोणम नऊदहा मैलांवर राहिले असता पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. तिरुनेलवेलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, धबधब्याच्या सान्निध्यात वसलेले याच नावाचे दुसरे एक क्षेत्र आहे. त्याच्याशी आपणांस येथे कर्तव्य नाही. या पापनाशमच्या रामलिंगस्वामींच्या देवालयात एकशे आठ शिवलिंगे ओळीने मांडलेली आहेत. खर-दूषणांचा वध करून जो दोष माथी आला त्याच्या निवारणार्थ प्रभू रामचंद्रांनी येथे शिवपूजन केले, काशीहून लिंग आणावयास गेलेला मारुती वेळेवर न परतल्यामुळे सीतामाईने वाळूचीच लिंगे सिद्ध केली, आणि मागाहून मारुतीने आणलेले लिंगही अव्हेरले गेले नाही, अशी स्थळकथा आहे. जवळच पालैवननाथाच्या देवालयाच्या आवारात नायक राजांच्या अमदानीतील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे, आणि हा मुलूख मुळात कोणत्या दैवतावर जगत आला हे त्या कोठाराकडे पाहून कळते.

दोष घडणे, तो कबूल करणे, कोणास तरी साक्षी ठेवून त्याचे क्षालन करणे आणि तो पुन्हा न करण्याचा संकल्प सोडणे, हा क्रम या स्थळकथेत जसा आहे तसाच तो विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मास आलेल्या आणि पुढे मद्रास-मुंबईपर्यंत पोहोचलेल्या मद्यमुक्तीच्या बारा पायऱ्यांतही आहे. उभयतांत अडचण येते ती एकाच ठिकाणी. ज्या गृहस्थास दोष मान्य आहे, क्षालनाची तळमळ आहे, संकल्प करण्याची सिद्धताही आहे, परंतु ज्याच्या साक्षीने तो करावयाचा त्या ईश्वराचे अस्तित्वच ज्यास मान्य नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न मद्यपींच्या सभेत प्रथम उपस्थित झाला असे अनेकांस वाटते. वस्तुतः तो कचेऱ्यांतला आणि न्यायसभांतला फार जुना प्रश्न आहे, आणि कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशाइतका त्याचा चहूबाजूंनी झालेला ऊहापोह अन्यत्र क्वचितच आढळेल.

व्यंकोजी राजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावर हस्तगत केले तेव्हापासून १८५५ त दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले तोवर मराठ्यांचा संबंध या भूमीशी राहिला, जरी १७९९ च्या तहाने किल्ल्याबाहेरील प्रत्यक्ष सत्ता कंपनी सरकारकडे गेली होती. राज्याचे पाच सुभे होते, आणि त्यांपैकी तिरुवाडी व कुंभकोणम या दोहोंच्या दरम्यानच्या टापूत पापनाशम येते. मराठ्यांच्या न्यायपद्धतीत साक्षीपुराव्याने तंटा तुटेना म्हणजे शपथेचा मार्ग धरला जाई. पक्षकाराने देवापुढे बेलभंडार उचलावा, नदीत उभे राहून सत्य सांगावे, आणि प्रकरण त्याहून बिकट असले तर उकळत्या तेलातून रवा काढण्यासारख्या दिव्यास सामोरे जावे, अशी ती चढती भाजणी होती. मनुष्य मनुष्याशी खोटे बोलेल परंतु देवाच्या समक्ष बोलणार नाही, या एकाच गृहीतावर ती सारी इमारत उभी होती, आणि ते गृहीत जोवर सर्वांस मान्य होते तोवर ती पुष्कळ अंशी टिकलीही.

कंपनी सरकारच्या अदालतींत आरंभी गंगाजलाची व कुराणाची शपथ चालत असे. १८४० च्या पाचव्या कायद्याने ती रीत मोडली आणि हिंदू व मुसलमान साक्षीदारांनी सर्वशक्तिमान ईश्वराच्या समक्ष गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी असे ठरविले. या तडजोडीचा मासला लक्षात ठेवण्याजोगा आहे. सरकारने देवाचे नाव, रूप, नदी आणि ग्रंथ ही सारी काढून टाकली. देव तेवढा ठेवला. कोणाचा देव, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. पुढे १८७३ च्या शपथेच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले आणि ज्यास शपथ घेण्यास हरकत असेल त्यास नुसत्या प्रतिज्ञेची मुभा दिली. विलायतेत मात्र त्यानंतर कित्येक वर्षे चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी गृहस्थास शपथेच्या वादापायी पार्लमेंटात आसन मिळेना. १८८० त निवडून आलेला हा सभासद १८८६ त स्थानापन्न झाला आणि १८८८ चा कायदा करवून घेऊन त्याने आपल्यामागून येणाऱ्यांची वाट मोकळी केली. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास तो मुद्दाम आला होता. त्याच सुमारास आगरकरांचा ‘सुधारक’ निघून वर्ष लोटले होते, तेव्हा मराठी वाचकास हा विषय अगदीच अपरिचित नव्हता. आज राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि द्रविड चळवळीतून आलेल्या मंत्र्यांनी त्यांतील दुसरा पत्करावा ही तमिळनाडूत रूढ गोष्ट झाली आहे.

आता मद्याकडे वळू. या प्रांतात माडाची आणि ताडाची कळ्ळू, म्हणजे आपली माडी आणि ताडी, व गाळलेले चारायम हे दोन मुख्य पेयप्रकार. मडक्यास आतून चुना लावला तर रस आंबत नाही, तो गोड पदनीर म्हणून विकला जातो. चुना न लावता ठेवला तर दुपारपर्यंत त्याची कळ्ळू होते. सरकारच्या दृष्टीने सारा मुद्दा या चुन्याच्या हाताचा होता. १८८६ च्या मद्रास आबकारी कायद्यान्वये झाडावर कर, दुकानाचा दरसाल लिलाव आणि मक्तेदाराकडून आगाऊ भरणा अशी जी व्यवस्था बसली, तिच्यामुळे आबकारी हे इलाख्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होऊन बसले, आणि १९३० नंतरच्या दशकात एकूण महसुलाचा सुमारे चतुर्थांश त्यातून येऊ लागला. भाताची कापणी होऊन पण्णैयाळाच्या, म्हणजे जमीनदाराच्या बांधलेल्या गड्याच्या, पदरात मजुरीचे धान्य पडले की त्याचा काही अंश मक्तेदाराकडे जाई. तेथून तो तिजोरीत जाई. राजगिरी, पंडारवाडै यांसारखी तालुक्यातील मुसलमान वस्तीची गावे या व्यवहारापासून धर्माज्ञेनेच अलिप्त असावयाची. बाकीच्यांस धर्माने मोकळीक दिली होती असे नाही, परंतु दंडाची तजवीज केली नव्हती.

या व्यवहारावर पहिला मोठा घाव एका अशा माणसाने घातला, ज्याचे नाव पुढे देशातील प्रखरतम निरीश्वरवादाशी कायमचे जोडले जावयाचे होते. इरोडचे ई. व्ही. रामस्वामी, म्हणजेच पेरियार, १९२१ त असहकाराच्या लाटेत काँग्रेसचे कार्यकर्ते होते. मद्यनिषेधाचा कार्यक्रम आला तेव्हा त्यांनी आपल्या मालकीच्या बागेतील पाचशेहून अधिक माड तोडून टाकले, कारण त्यांपासून माडी निघत असे. आणि त्यांच्या पत्नी नागम्मै व भगिनी कण्णम्माळ यांनी दुकानांपुढे निरोधन केले. माडांचा यात काय अपराध, असे एखाद्या व्यवहारी मनुष्यास वाटेल, आणि आम्हांसही वाटते. परंतु एवढे खरे की या कृतीत कोठे देवळाची पायरी नव्हती, कोणते व्रत नव्हते आणि कोणताही पुरोहित नव्हता. स्वतःचे नुकसान चार लोकांच्या देखत करून घेणे हीच तिची शपथ होती. १९२५ त त्यांनी काँग्रेस सोडली, स्वाभिमान चळवळ उभारली, आणि पुढे, हे विशेष, मद्यपानबंदीच्या सरकारी धोरणाचेच ते टीकाकार झाले. मद्रास इलाख्याच्या सरकारचे प्रमुख या नात्याने राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात बंदी आणली, तिची आर्थिक तूट भरून काढण्यासाठी १९३९ त विक्रीकर बसविला, आणि १९४८ पर्यंत सारा इलाखा कोरडा झाला. राजाजींच्या दृष्टीने हे धर्मकार्य होते. पेरियारांना त्यात वरच्यांनी खालच्यांच्या चालीरीतींवर केलेला हुकूम दिसत होता. मद्य सोडावे की नाही याविषयी दोघांत फारसा मतभेद नसावा. कोणाच्या सांगण्यावरून सोडावे, यावर मात्र होता.

जुन्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै येथे जन्मलेले एम. करुणानिधी, जे स्वतः निरीश्वरवादी म्हणवीत, त्यांच्याच कारकिर्दीत १९७१ त ही बंदी उठली, १९७४ त दुकाने पुनश्च बंद झाली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८१ त ती उघडली, १९८३ त टास्मॅक हे सरकारी महामंडळ निघाले, आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती आली. मक्तेदार गेला, सरकार स्वतः गल्ल्यावर बसले. या इतिहासात रमण्याचे कारण नाही. त्यातून आपणांस एवढेच घ्यावयाचे की सोडण्याच्या संकल्पास राज्यसत्ता हा भरवशाचा साक्षी नव्हे, कारण ती त्या व्यवहारातील पक्षकार आहे.

देव आणि राज्य यांखेरीज तिसरा साक्षी पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने शोधून काढला होता, तो विवाहाच्या निमित्ताने. स्वाभिमान पद्धतीच्या लग्नात मंत्र नाहीत, अग्नी नाही. वधूवरांनी जमलेल्या मंडळींपुढे परस्परांस माळा घालावयाच्या आणि आम्ही एकमेकांस पत्करले असे सांगावयाचे. अण्णादुरैंच्या सरकारने १९६७ त हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून अशा लग्नांस कायदेशीर ठरविले. आप्त, मित्र वा अन्य माणसे यांच्या उपस्थितीत केलेली घोषणा कायद्यास पुरली. जन्माची गाठ जर माणसांच्या साक्षीने पडू शकते, तर पेला खाली ठेवण्यास देव कशास हवा, असे त्या परंपरेत वाढलेल्या मनुष्याने विचारल्यास ते उद्धटपणाचे खचित नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच प्रबळ आहे, आणि ती पापनाशमच्या मातीतली आहे. ज्यांच्या नावास हे गाव चिकटले ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) यांची कीर्तने आजही घरोघर गायिली जातात; त्यांची गीते असलेल्या १९४४ च्या ‘हरिदास’ या बोलपटात विलासात बुडालेला पुत्र पश्चात्तापाने भक्तीकडे वळतो, आणि मद्रासच्या एकाच नाट्यगृहात तो चित्रपट तीन दिवाळ्या पाहत राहिला. नाठाळाचा भक्त होणे ही कथा या लोकांस मनापासून हवी असते. प्रतिवर्षी कार्तिकाच्या सुमारास शबरीमलैची माळ गळ्यात घालून हजारो माणसे एकेचाळीस दिवस दारूस शिवत नाहीत. त्या काळात त्यांस सारे जण ‘स्वामी’ म्हणून हाक मारतात, आणि ज्यास गाव स्वामी म्हणते त्यास दुकानाच्या रांगेत उभे राहणे सहजी जमत नाही. माळ उतरली की पुष्कळांचा संयमही उतरतो, हे खरे. आपल्याकडे पंढरीची तुळशीमाळ आयुष्यभराची असते, म्हणून तिची पकड अधिक. गाडगेबाबांनी याच मार्गाने, परंतु देवळात देव नाही असे हटकून सांगत, कीर्तनाच्या भर सभेत माणसांकडून दारू सोडण्याचे वचन घेतले; तेव्हा त्यांच्या श्रोत्याने शब्द दिला तो विठ्ठलास की शेजारी बसलेल्या गावकऱ्यांस, हे निश्चित सांगणे कठीण.

आता बारा पायऱ्या सांगणाऱ्या त्या अमेरिकन संस्थेचा वृत्तान्त. १० जून १९३५ हा ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानतात, ओहायोतील अॅक्रन येथे बिल विल्सन हा शेअरबाजारातील दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांस आधार देऊ लागले. दोघांचाही संबंध फ्रँक बुकमन या धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रूप’शी होता, आणि पापाची कबुली, नुकसानभरपाई व ईश्वरी मार्गदर्शन ही सामग्री तेथूनच आली. १९३८ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या मंडळीत जिम बर्वेल नावाचा एक विक्रेता दाखल झाला. हा कट्टर निरीश्वरवादी. सभेत देवाचे नाव निघाले की तो उठून वाद घाली, आणि त्यास घालवून द्यावे असे काहींच्या मनात येई. त्याच वेळी संस्थेचा ग्रंथ लिहिला जात होता. बर्वेल आणि त्याच्यासारखे आणखी एकदोघे यांच्या आग्रहाने गुडघे टेकण्याचा उल्लेख गळाला, एका पायरीत ईश्वराऐवजी आपल्याहून थोर अशी शक्ती आली, आणि अन्यत्र ईश्वराच्या नावापुढे ‘ज्यास तो जसा उमगेल तसा’ या अर्थाची पुस्ती जोडली गेली. ग्रंथ १९३९ त निघाला. देव ठेवा, नाव काढा, ही १८४० ची कंपनी सरकारची युक्ती शंभर वर्षांनी मद्यपींच्या हाती पुन्हा सापडली होती, आणि विशेष हे की ती सुचविणारा मनुष्य श्रद्धाळू नव्हता. बर्वेलने पुढे फिलाडेल्फियात शाखा काढली व अखेरपर्यंत तो निर्व्यसनी राहिला.

परंतु १८७३ चे पाऊल या ग्रंथाने टाकले नाही. बारांपैकी सहा पायऱ्यांत ईश्वर वा ती शक्ती कायम आहे, आणि अज्ञेयवाद्यांस उद्देशून जे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे त्याचा एकंदर रोख असा की आपणही एके काळी तुमच्यासारखेच होतो, थोडा धीर धरा, तुम्हीही याल. हे आर्जव सद्भावनेचे आहे, परंतु ज्याने विचारान्ती नकार दिला आहे त्यास ते लहान मुलाची समजूत काढल्यासारखे वाटल्यावाचून राहत नाही.

भारतात ही संस्था १९५७ त मुंबईत रुजली. तमिळ देशात तिच्या पद्धतीस वैद्यकीय उपचारांची जोड मिळाली ती शांती रंगनाथन यांच्यामुळे. पतीच्या मद्यासक्तीचा व अकाली मृत्यूचा आघात सोसलेल्या या विदुषीने १९८० त मद्रासला त्यांच्याच, म्हणजे टी. टी. रंगनाथन यांच्या, नावे प्रतिष्ठान स्थापिले, आणि १९८९ पासून तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील मंजक्कुडी या खेड्यात, म्हणजे पापनाशमहून एका सकाळच्या प्रवासाच्या अंतरावर, मद्यपींसाठी निवासी शिबिरे भरविली. रुग्णास शहरात नेण्याऐवजी उपचार त्याच्या गावात न्यावयाचे, बायको-आईवडिलांस त्यात गोवावयाचे, आणि शिबिर संपल्यावर गावातीलच कोणी त्याच्यावर नजर ठेवावयाची, अशी ती योजना. तिचा वृत्तान्त १९९४ त ‘अॅडिक्शन’ या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यात डॉक्टरची गोळी होती, समुपदेशन होते. आणि मुख्यतः गाव होते. ज्या गावाने दारू पिताना पाहिले त्याच गावाने न पिताना पाहावे, ही योजकता कीर्तनकाराची आहे आणि स्वाभिमानविवाहाचीही.

काळा सदरा घालणाऱ्या, पेरियारांच्या द्रविड कळघमच्या एखाद्या अनुयायास अशा मार्गावर कोठे ठेच लागेल याचा विचार करता आम्हांस असे वाटते की ती ईश्वराच्या नावाशी लागण्यापूर्वीच, पहिल्याच पायरीशी लागेल. त्या पायरीत देव नाही. आपण मद्यापुढे हतबल झालो अशी कबुली आहे. ज्या माणसाने स्वाभिमान हाच धर्म मानला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नमस्कारांतून कंबर सरळ केली, त्यास प्रथमच वाक असे सांगितले तर तो बिचकणारच. शरणागतीचे शास्त्र या प्रदेशास नवे नाही. श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ याच मुद्द्यावर शतकानुशतके झगडत आले: जीवाने माकडिणीच्या पिल्लाप्रमाणे आपण होऊन घट्ट धरून राहावे, की मांजरीच्या पिल्लाप्रमाणे स्वस्थ राहून तिने उचलण्याची वाट पाहावी? बारा पायऱ्या बोलतात मांजरीच्या भाषेत, आणि रोजचा व्यवहार मात्र माकडाचा सांगतात: आजचा दिवस धर, सभेस ये, दूरध्वनी कर, दुसऱ्या बुडत्यास हात दे. पहिल्या घोटानंतर पिणे आपल्या हाताबाहेर जाते हे मान्य करणे म्हणजे कोणापुढे लोटांगण घालणे नव्हे. तो एक शारीरिक वास्तवाचा कबुलीजबाब आहे, आणि बुद्धिवाद्यास तो इतरांपेक्षा सोपा जावयास हवा. जात नाही, याचे कारण मांडणारेच त्यास प्रार्थनेच्या सुरात मांडतात.

हा सूर बदलण्याचे यत्न झाले आहेत. १९७५ त शिकागोत निरीश्वरवादी व अज्ञेयवादी सभासदांनी आपली स्वतंत्र सभा सुरू केली. १९९६ त न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका निरीश्वरवादी बंदिवानाच्या प्रकरणात असा निवाडा दिला की या पायऱ्यांत धार्मिकता आहे, सबब सरकारने त्या कोणावर लादू नयेत. २०११ त टोरंटोतील स्थानिक मंडळाने पायऱ्यांतून देव वगळणाऱ्या दोन सभांची नावे यादीतून काढली, आणि पुढे तक्रार मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणापर्यंत गेल्यावर, २०१७ त ती परत घेतली. सभासदत्वास मद्य सोडण्याच्या इच्छेखेरीज कोणतीही अट नाही, असे त्याच संस्थेचा तिसरा दंडक सांगतो, हे यादीवाल्यांस सहा वर्षे आठवले नसावे.

महाराष्ट्रात या वादास इतके कायदेशीर रूप आले नाही, कारण येथे व्यसनमुक्तीची धुरा आरंभीच अशा माणसांनी वाहिली ज्यांचा बुवाबाजीशी उभा दावा होता. ‘संभ्रम’ लिहून बाबामहाराजांच्या दरबारांची हकीगत मांडणारे डॉ. अनिल अवचट आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेलेच पुष्कळसे पुढे समुपदेशक झाले, आणि बाराही पायऱ्यांतील सर्वांत भक्कम अशी शेवटची पायरी, म्हणजे आपण तरल्यावर दुसऱ्यास तारणे, तेवढी जणू येथे वेगळी काढून तीवर सारे काम उभे राहिले. साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन ही संस्था काढली. स्वतः ते निरीश्वरवादी. परंतु अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवधर्माविषयी तटस्थ राहावे असा त्यांचा दंडक होता, आणि तोच व्यसनमुक्तीच्या कामातही दिसतो: माळकऱ्यास माळ काढावयास सांगावयाची नाही, आणि माळ नसलेल्यास ती घालावयासही सांगावयाची नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाला. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद हे मनोविकारतज्ज्ञ असून साताऱ्याचे काम त्यांनी पुढे चालविले आहे; आणि ३१ डिसेंबरच्या रात्री, जेव्हा बाकीच्या गावाचा मोर्चा दुकानांकडे वळलेला असतो, तेव्हा समितीचे कार्यकर्ते भर चौकात पातेले मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास दुधाचे पेले देतात, आणि घेणाऱ्यास त्याचा देव विचारीत नाहीत.